आवाज बंद ठेवून ऐकलेली रेकॉर्ड

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. काळं अंग, गोल चेहरा, मधोमध एक भोक आणि त्या भोकाभोवती लाल कागदाचा टिळा. मी एक जुनी रेकॉर्ड आहे. पुस्तकात मला 'ध्वनिमुद्रिका' म्हणतात, पण एवढ्या लांबलचक नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. तुमच्या मोबाइलमध्ये म्हणे लाखो गाणी मावतात. माझ्या दोन्ही बाजू मिळून मोजकीच भावगीतं आहेत. तरीही माझी गोष्ट ऐका, कारण मी बोलायला लागले की मध्येच जाहिरात लागत नाही.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. जन्म कसला, नुसतं चेपणंच ते! तापवून मऊ केलेला काळ्या प्लॅस्टिकचा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला, वरून दाब दिला आणि माझी पोळी झाली. कडा कापल्या, कव्हरात घातलं आणि रेल्वेनं थेट बडोद्याला रवानगी. माझ्यात ज्या बाई गायल्या आहेत त्यांचं नाव पुढे फारसं कुणी घेतलं नाही. का घेतलं नाही, देव जाणे. गळा मात्र असा होता की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

बडोद्यात मला तात्यासाहेबांनी घेतलं. त्यांचे वाडवडील संस्थानच्या कचेरीत होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, पण तात्यासाहेबांचा रुबाब काही गेला नव्हता. दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं आणि खाली फरसाणाचं दुकान. रविवारी सकाळी तात्यासाहेब अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मला प्लेअरवर ठेवायचे. मी वाजत असताना घरात बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, असा दंडक होता. खालचा फरसाणवाला गाणं संपलं की झारा हातात धरूनच ओरडायचा, "तात्यासाहेब, फरीथी वगाडो ने!" मग तात्यासाहेब मिशीतल्या मिशीत हसायचे आणि मला पुन्हा लावायचे. काय दिवस होते ते! रस्त्यावरची सायकल थांबायची माझ्यासाठी.

तात्यासाहेबांची मुलगी नयना. ती दाराच्या चौकटीला टेकून, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकायची. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं तिचं लाडकं. ते सुरू झालं की तिची बोटं थांबायची. मला तेव्हाच कळलं होतं की या घरात माझं खरं माणूस ही आहे, तात्यासाहेब आपले उगाच मालक.

नयनाचं लग्न विश्वंभररावांशी ठरलं. विश्वंभररावांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून बडोद्याला आलेले. ते स्वतः बाजव्याच्या बाजूला एका केमिकल कारखान्यात मशीनवर होते. माणूस सरळ, कष्टाळू, पण गाण्याशी त्यांचा संबंध लाऊडस्पीकरवरच्या आरतीपुरता. इतर बाप मुलीला भांडीकुंडी देतात, तात्यासाहेबांनी रेकॉर्ड प्लेअर दिला आणि त्याच्याबरोबर रेकॉर्डींचा गठ्ठा. लाकडी अंगाचा, झाकणाचा, उचलून नेता येईल असा प्लेअर होता तो. वऱ्हाडातली माणसं हसली. नयना मात्र टेम्पोत मला मांडीवर घेऊन बसली होती.

नवं घर म्हणजे कारखान्याजवळ एक खोली आणि स्वयंपाकघर. विश्वंभररावांना पाळ्या असायच्या, आणि रात्रपाळी सगळ्यांत जास्त. सकाळी ते यायचे, चहा प्यायचे आणि अंगावर चादर ओढून झोपायचे. लग्नाला थोडेच दिवस झाले असतील. एका सकाळी नयनाला माहेरची फार आठवण आली असावी. तिनं मला काढलं, प्लेअरवर ठेवलं आणि माहेरी लावत तसं मोठ्यानं लावलं. पहिलं गाणं अर्धंही झालं नसेल. विश्वंभरराव लाल डोळ्यांनी उठून बसले.

"अगं, माणूस रात्रभर उभा राहून आलाय! बंद कर ते!"

बस, एवढंच. त्यांनी हात उगारला नाही, पुन्हा कधी त्या गोष्टीवर बोललेही नाहीत. संध्याकाळी उठले तेव्हा त्यांना काही आठवतही नव्हतं. उलट चांगल्या मूडमध्ये बाहेर जाऊन तिच्यासाठी गरम जिलेबी घेऊन आले. नयनानं जिलेबी खाल्ली, हसलीसुद्धा. पण मला तिनं कपाटात ठेवलं ते ठेवलंच. नव्या नवरीनं नवऱ्याची झोप मोडली, ही गोष्ट तिच्या मनाला लागली होती.

कपाटात मी किती काळ होते कुणास ठाऊक. अंधारात दिवस मोजायचे कशाला? मग एका सकाळी दार उघडलं. विश्वंभरराव घोरत होते. नयनानं मला हळूच प्लेअरवर ठेवलं, आवाजाचं बटण पार शून्यावर नेलं आणि सुई टेकवली. मला वाटतं, तिला मला नुसतं फिरताना बघायचं होतं. पण मित्रांनो, आमची एक खुबी आहे. माझ्या अंगावर जी बारीक रेघ आहे, तिच्यातून सुई चालते तेव्हा ती थरथरते. ती थरथर मोठी करून ऐकवण्याचं काम यंत्राचं असतं. यंत्राचा आवाज बंद केला तरी सुई थरथरायची थांबत नाही. ती स्वतःशीच गात राहते, डासाएवढ्या आवाजात. नयनाला काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं. तिनं वाकून कान माझ्याजवळ आणला. आणखी जवळ आणला. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते तात्यासाहेबांच्या घरीही मी कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमचं ठरूनच गेलं. विश्वंभरराव झोपले, भाजी फोडणीला पडली की नयना पदराला हात पुसत यायची, खाली बसायची आणि प्लेअरच्या कडेवर गाल टेकवायची. तिच्या कानातली कुडी लाकडाला घासायची, तिचा श्वास माझ्या अंगावर यायचा. तिच्या अंगाला हिंग-मोहरीचा वास असायचा. मला इतक्या जवळून कुणीच ऐकलं नाही. आणि खरं सांगू का, मला ते आवडायचंही आणि सलायचंही. आवडायचं कारण मी फक्त तिची होते. सलायचं कारण तिथेच पलीकडे घरधनी झोपलेला असायचा आणि त्याच्या बायकोचं सुख त्याला माहीत नव्हतं. एकाच छपराखाली दोघं होती, आणि दोघंही एकटी.

मुलं झाली, मनाली आणि दिग्विजय. बाबा झोपले की चवड्यांवर चालायचं, हे दोघंही बोलायच्या आधी शिकली. आईला प्लेअरवर कान ठेवून बसलेली बघतच ती मोठी झाली. प्लेअर फिरतो पण आवाज येत नाही, म्हणजे तो बिघडलेला आहे, असा त्यांनी सरळ हिशेब केला. "आमच्याकडचा प्लेअर बंद आहे," असं दिग्विजय मित्रांना सांगायचा. नयनानं त्याला कधी खोडून काढलं नाही. सुई झिजली की ती माहेरी जायच्या निमित्तानं दांडिया बाजारातून नवी आणायची आणि कुणाचं लक्ष नसताना बसवायची. पुढे कॅसेटी आल्या, त्या गेल्या. चकचकीत चांदीच्या तबकड्या आल्या, त्याही गेल्या. माझ्या ओळखीच्या किती रेकॉर्डी भंगारात गेल्या आणि कितींची भिंतीवरची घड्याळं झाली! माझ्यावर ती वेळ आली नाही ती नयनामुळे.

विश्वंभरराव निवृत्त झाले तेव्हा मंडळी निजामपुऱ्यात फ्लॅटमध्ये राहायला आली. आता पाळ्या संपल्या होत्या. पण तोवर मशीनच्या आवाजानं विश्वंभररावांना कमी ऐकू यायला लागलं होतं. कारखान्यात कानात घालायला बोळे मिळायचे, ते यांनी कधी घातले नाहीत. "कान बंद केल्यावर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार?" असं वर सगळ्यांना ऐकवायचे. वय वाढलं तसं उरलंसुरलंही गेलं. दिग्विजयनं कानाचं मशीन आणून दिलं, ते बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात असतं. त्यामुळे माझी नयना, जिनं जन्मात कधी वरच्या पट्टीत शब्द काढला नव्हता, ती आता दिवसभर ओरडते. "अहो, चहा झालाय!" म्हणाली की वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही चहाची तल्लफ येते. असं असूनही माझं बटण ती शून्यावरच ठेवायची. घरात ताशा वाजवला तरी आता विश्वंभररावांची झोप मोडणार नव्हती. पण हाताला वळण पडलं होतं, आणि ते चोरून ऐकणं तिचं स्वतःचं असं एवढंच तर उरलं होतं.

एकदा दिग्विजय एक लहानसा गोल स्पीकर घेऊन आला. "आई, नुसतं बोलायचं. कुठलंही गाणं सांग, लागेल." नयनानं लाजत लाजत माझं ते दुसरं गाणं सांगितलं. स्पीकरला तिचं मराठी कळेना. मग सूनबाईनं, कोमलनं, इंग्रजी उच्चार करून सांगितलं आणि काय आश्चर्य! माझंच गाणं त्या डबीतून आलं. एक खरखर नाही, एक चरा नाही. त्याच बाई, पण जणू कालच गायल्या असाव्यात. मला धडकीच भरली. नयना सोफ्यावर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून ते ऐकत राहिली. "छान आहे हं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर निवांत झालं आणि ती माझ्याकडेच आली. मी काय साध्वी नाही. मला फार बरं वाटलं. डबीतलं गाणं खोलीत कुठेही बसून ऐकता येत होतं. माझ्यासाठी तिला वाकावं लागायचं, जवळ यावं लागायचं. इतकी वर्षं वाकल्यावर ताठ बसून ते गाणं तिला गोड लागेना, असं मला वाटतं.

मग गेल्या वर्षीची दिवाळी आली. घराला रंग काढायचं ठरलं. त्याच सुमारास नयना मनालीकडे पुण्याला गेली होती. भिंती मोकळ्या करायच्या म्हणून कपाटं रिकामी झाली आणि रेकॉर्डींचा गठ्ठा हॉलमध्ये जमिनीवर आला. दिग्विजयचा मित्र देवेश घरी आला होता. त्यानं अलकापुरीत नवा कॅफे काढलेला. आम्हांला बघून तो गुडघ्यांवरच बसला.

"अंकल, आ तो एकदम विंटेज छे! मारा कॅफे माटे आपशो?"

देवेशला त्या कॅफेसाठी हव्यात, असं दिग्विजयनं बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. विश्वंभरराव क्षणभर विचारात पडले, हे मी डोळ्यांनी बघितलं. बायकोची वस्तू तिला न विचारता देणारे ते नव्हेत.

"आईला एकदा विचारू या का?" ते म्हणाले.

"बाबा, तो प्लेअर तर आमच्या लहानपणापासून बंद आहे. आता तिच्याकडे स्पीकर आहे ना."

"तेही खरंच. ती कुठे लावते कधी? या घरात मी एकदाही रेकॉर्ड वाजलेली ऐकली नाही. लई जा, बेटा, घेऊन जा."

मित्रांनो, त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी खरोखरच ऐकली नव्हती. आणि मी ओरडून सांगायचं म्हटलं तरी सुईशिवाय मला कुठला आवाज!

देवेशचा कॅफे म्हणजे विटांची भिंत, पिवळे दिवे आणि कॉफीचा वास. कोपऱ्यात त्यानं खरा, चालता प्लेअर ठेवला होता. आमच्यातल्या एकेकीला त्यानं वाजवून बघितलं. माझी पाळी आली, सुई टेकली आणि त्यानं तोंड वाकडं केलं. "आ तो घसाई गयेली छे, यार. दीवाल पर चालशे." झालं! घासलेली म्हणून माझ्या भोकातून स्क्रू गेला आणि मी भिंतीवर. अंगात गाणं आहे आणि आपण शोभेची वस्तू झालो, हे दुःख तुम्हांला कसं सांगू? पोरंपोरी माझ्याखाली उभी राहून फोटो काढायची. एकीनं विचारलंसुद्धा, "ही वाजते का?" दुसरी म्हणाली, "छे, डेकोरेशन आहे." आणि कॅफेत गाणी कुठली चालायची? मोबाइलवरची.

पण खोटं बोलू नये. रविवारी संध्याकाळी वेगळंच व्हायचं. तरुण मंडळी आपापल्या नव्या रेकॉर्डी छातीशी धरून यायची. हो, नव्या! आमचा वंश बुडालेला नाही, आता पुन्हा रेकॉर्डी निघतात, जाडजूड, काही तर लाल-निळ्यासुद्धा. ती मुलं फोन पालथे घालायची, कव्हर मांडीवर घेऊन वाचत बसायची आणि गाणं पुढे ढकलायची नाहीत. बाजू संपली की कुणीतरी उठून रेकॉर्ड उलटायचं. हे उठणंच त्यांना आवडायचं बहुतेक. मी वरून बघायचे आणि माझा जीव तळमळायचा. त्या नव्या पोरींना ऐकायला दहा-दहा माणसं होती. माझं एकच माणूस होतं, आणि ते पुण्याहून परत येऊन काय करत असेल या विचारानं मी कासावीस व्हायचे.

दिवाळी उलटून गेली होती. एका सकाळी कॅफेच्या काचेच्या दाराबाहेर कोमलची स्कूटर थांबली आणि मागून विश्वंभरराव उतरले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. दारात आले आणि एखाद्याच्या घरी आल्यासारखी त्यांनी चप्पल काढली.

"अंकल, चप्पल पहेरी राखो ने!" देवेश धावत आला.

विश्वंभररावांना काही ऐकू आलं नाही. ते अनवाणीच आत आले. कोमल म्हणाली, "देवेशभाई, आईंच्या रेकॉर्डी परत हव्यात. प्लीज." देवेशला मराठी सगळं कळायचं, तो दिग्विजयबरोबरच वाढलेला. त्यानं काय झालं म्हणून विचारलं आणि कोमलनं सगळं सांगितलं. मला जे कळलं ते असं.

नयना पुण्याहून आली. कपाट उघडलं, रिकामा कप्पा बघितला आणि विचारलं, रेकॉर्डी कुठे गेल्या? विश्वंभरराव म्हणाले, देवेशला दिल्या, तू कुठे लावायचीस? त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. रुसली नाही, जेवण टाकलं नाही. पण रोज दुपारी प्लेअरचं झाकण उघडायची, आत बघायची आणि बंद करायची.

"मी इतके दिवस समजत होते की आई त्या प्लेअरवर डोकं ठेवून डुलकी काढतात," कोमल म्हणाली. "काल विचारलंच. तेव्हा सांगितलं त्यांनी. लग्नापासून आवाज बंद करून ऐकायच्या, बाबांची झोप मोडू नये म्हणून! मी म्हटलं, आई, मग बाबांना बोलला का नाहीत? तर म्हणतात, त्यांची काय चूक? मी कधी आवाजच केला नाही."

हे सगळं तिनं सासऱ्यांना घरी सांगितलंच होतं. तरी ते तिच्या ओठांकडे बघत ऐकत होते, जणू आणखी काही कळेल. मग त्यांना भान राहिलं नाही. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं बोलले, "मी कधी तिला बंद कर म्हटलं होतं का? सांग ना! म्हटलं होतं का कधी?" कॅफेतली माणसं वळून बघायला लागली. कोमलला उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"त्या स्पीकरवर लावलेलं गाणं मला आठवत नाही. आईंची आवडती कुठली, फोन करून विचारू का?" कोमलनं त्यांच्या कानात विचारलं.

"नको. तिची कुठली ते आता तिलाच विचारायचं? मला लाज वाटते." आणि ते भिंतीपाशी आले. सगळ्या भिंतीवर आम्ही होतो, आमच्या घरच्या आणि परक्याही. लेबलं वाचून त्यांना काय कळणार? गाण्यांची नावंच त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी चष्मा वर केला आणि एकेकीला तिरप्या नजरेनं, उजेड अंगावर घेऊन बघायला सुरुवात केली. माझ्यासमोर आले आणि थांबले.

"ही खाली काढ."

देवेशनं स्क्रू काढला. विश्वंभररावांनी मला खिडकीकडे धरलं. "बघ कोमल. सगळी काळी आहे, आणि हा एवढाच पट्टा राखेसारखा झालाय. मशीनचं जे चाक रोज फिरतं तेच झिजतं." त्यांनी त्या पट्ट्याजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. "एवढं झिजायला काय लागतं, कळतंय का तुला? आख्खं आयुष्य ऐकलंय तिनं हे. मी पलीकडे घोरत होतो." आणि ते तिथल्याच एका खुर्चीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. देवेशनं बाकीच्याही आमच्या घरच्या शोधून बांधून दिल्या आणि परत परत सॉरी म्हणत राहिला.

घरी आलो तेव्हा दुपारची जेवणं व्हायची होती. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. नयनानं दार उघडलं, त्यांच्या हातात मला बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मग लगेच नेहमीसारखी ओरडली, "कशाला गेलात एवढ्या उन्हातान्हाचं? पाणी घ्या आधी!"

"पाणी राहू दे. लाव," ते म्हणाले.

कोमल समजुतीची, ती स्वयंपाकघरात निघून गेली. नयनानं मला पदरानं पुसलं, प्लेअरवर ठेवलं. तिचा हात आपसूक बटणाकडे गेला आणि शून्यावर थांबला. विश्वंभररावांनी ते बघितलं.

"मोठ्यानं लाव, नयना. आता कोण झोपलंय इथं?"

तिनं बटण फिरवलं. थोडं, मग आणखी थोडं, मग पार शेवटपर्यंत. न वापरलेलं बटण ते, खरखरलं, आणि मग मी गायले. लग्नानंतरच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच तिच्या घरात मी मोकळ्या गळ्यानं गायले. माझा आवाज चरे पडलेला, घासलेला. पण खिडकीच्या काचा थरथरल्या. वरच्या मजल्यावरच्या बेन अर्ध्या जिन्यात येऊन विचारून गेल्या, "नयनाबेन, बधुं ठीक छे ने?" नयना लाजली, पण तिनं बटण मागे घेतलं नाही.

विश्वंभररावांनी खिशातलं मशीन कानात घातलं. त्यांचा चेहरा आक्रसला. त्यातून त्यांना नुसती घरघर येत होती. त्यांनी ते काढून ठेवलं आणि मान पुढे करून प्लेअरजवळ कान आणला, जसा ती आणायची तसा. मी सगळा जीव ओतला. त्या दुसऱ्या गाण्यासारखं गाणं माझ्याजवळ दुसरं नाही, ते मी त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर गात होते. ते तसेच वाकून बसले होते. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "लावलंस ना?"

मित्रांनो, मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं. जेव्हा या माणसाला ऐकू येत होतं तेव्हा मी गप्प होते. आज मी गात होते तेव्हा त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

 नयनानं स्टूल ओढलं, त्यांच्याजवळ बसली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि गायला लागली. माझ्याबरोबर, माझेच शब्द, 'चहा झालाय' म्हणायच्या त्याच खणखणीत आवाजात. सूर जागेवर नव्हता. श्वास मध्येच तुटत होता. पण एक शब्द चुकला नाही, एक जागा सुटली नाही. गाताना ती रडत होती.

"ऐकू येतंय का?" तिनं मध्येच थांबून विचारलं.

"तुझं येतंय," ते म्हणाले. "सगळं येतंय. तिचं राहू दे, तू म्हण."

मी माझ्या जागी फिरत राहिले. बाजू संपली, सुई शेवटच्या रेघेत जाऊन टक टक करत राहिली, तरी कुणी उठलं नाही. नयना पुढचं गाणंही म्हणत होती.

मित्रांनो, तुमच्या हाती माझ्यासारखी कुणी आली तर तिला कडेनं धरा, उन्हात ठेवू नका, आणि भिंतीवर लावण्याआधी एकदा वाजवून बघा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी तुमची झोप मोडू नये, तुमचा अभ्यास मोडू नये, म्हणून आपलं आवडतं काहीतरी आवाज बारीक करून ऐकत असेल. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि काय ऐकतेस, मलाही ऐकव, असं म्हणा. आजच म्हणा. विश्वंभररावांनी म्हटलं तेव्हा गाणं जागेवर होतं, बायको जागेवर होती, दुपारही मोकळी होती. फक्त त्यांचे कान गेले होते.